पिशवी काढायची की ठेवायची?

१९६७ साली अमेरिकेचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून मूत्राशय पाहिलं. लघवीतल्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि त्या पेशींवरूनच मतभेद झाले. कुणाला त्यांत कॅन्सर दिसला, कुणाला दिसला नाही. हम्फ्री पुन्हा कामाला लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि ते रिचर्ड निक्सन यांच्याकडून हरले. दोघांना पडलेल्या एकूण मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. पुढे कॅन्सर उघड झाला, किरणोपचार झाले, १९७६ मध्ये मूत्राशयच काढावं लागलं आणि जानेवारी १९७८ मध्ये हम्फ्री गेले.

त्यांच्या लघवीतल्या पेशींचा १९६७ चा तो नमुना मात्र कुणी फेकून दिला नव्हता. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेव्हिड सिड्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाहेर काढला. शेजारी १९७६ मध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा ठेवला आणि दोन्हींतलं पी-५३ नावाचं जनुक वाचलं. पी-५३ हा पेशीचा पहारेकरी. डीएनएत बिघाड दिसला की तो पेशीचं विभाजन थांबवतो, नाहीतर तिला मरायला लावतो. हम्फ्रींच्या गाठीत हा पहारेकरी एका अक्षराच्या चुकीमुळे निकामी झाला होता. तीच चूक, त्याच जागी, नऊ वर्षं आधीच्या लघवीतही सापडली. तज्ज्ञांचे डोळे ज्यावर वाद घालत होते, त्याचं उत्तर पेशीत लिहिलेलं होतं. वाचायची सोय १९६७ मध्ये नव्हती.

गाठीच्या आत लिहिलेल्या अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये या खुणांकडून आज एका फार व्यावहारिक प्रश्नाचं उत्तर हवं आहे. आपल्याकडे रुग्ण आणि नातेवाईक मूत्राशयाला ‘लघवीची पिशवी’ म्हणतात. ऑपरेशन करून ती काढली की बहुतेकदा पोटावर दुसरी, प्लॅस्टिकची पिशवी लावावी लागते. त्यामुळे ओपीडीत ‘पिशवी’ या एकाच शब्दात आशा आणि धास्ती दोन्ही असतात. डॉक्टरांना प्रश्न येतो तो असा: पिशवी काढायलाच हवी का?

भिंतीची खोली

मूत्राशय रिकामं असताना चुरगळलेलं असतं आणि भरलं की चारशे-पाचशे मिलीलिटर लघवी सहज सांभाळतं. आतून त्याला पेशींचं नाजूक अस्तर असतं. अस्तराखाली सैल ऊतीचा पातळ थर, त्याखाली जाड स्नायू आणि सगळ्यात बाहेर चरबी. कॅन्सर बहुधा अस्तरात सुरू होतो. तो भिंतीत किती खोल उतरला, यावर पुढचं सगळं ठरतं.

जगभरात २०२२ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांना हा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. पुरुषांत त्याचं प्रमाण स्त्रियांपेक्षा तीन-चार पट जास्त. सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर. धूर जातो फुप्फुसात. पण त्यातली काही रसायनं रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन्‌तास अस्तराला भिजवत राहतात. रसायन आणि हा कॅन्सर यांचं नातं पहिल्यांदा फ्रँकफर्टमध्ये लक्षात आलं. १८९५ मध्ये लुडविग रेन या सर्जननी रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं नोंदवलं होतं.

निदान होतं तेव्हा चारांपैकी साधारण तिघांचा कॅन्सर वरच्या थरांतच असतो. तो दुर्बिणीतून खरवडून काढता येतो आणि धोका जास्त असेल तर नंतर मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयरोगाची लस, पण मात्रा कितीतरी मोठी. कॅनडातल्या किंग्स्टनचे अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरचा हा अनुभव प्रसिद्ध केला. जिवंत पण दुबळ्या जंतूंमुळे भिंतीत सूज येते आणि धावून आलेल्या रोगप्रतिकारक पेशी कॅन्सरवरही तुटून पडतात. दर आठवड्याला एक, असे सहा डोस हा आजचा रिवाज त्याच काळातला आहे. त्यामागचं एक कारण म्हणजे तेव्हा लस सहा कुप्यांच्या खोक्यात मिळायची. मूत्राशयासाठीचं बीसीजी आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतं.

उरलेल्या चौथ्या रुग्णाचा कॅन्सर स्नायूत घुसलेला असतो. पिशवी काढण्याचा प्रश्न मुख्यतः त्याच्यापुढे येतो.

काढली तर काय जातं

स्नायूत शिरलेल्या कॅन्सरसाठी मूत्राशय समूळ काढणं हा अनेक दशकांचा ठरलेला मार्ग आहे. पुरुषांत त्याबरोबर प्रोस्टेट आणि वीर्यकोश जातात. स्त्रियांत बहुधा गर्भाशय आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा भाग काढतात. लघवीला नवी वाट लागते. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये जी पद्धत रूढ केली ती आजही सर्वाधिक वापरात आहे. लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करून दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडायच्या आणि त्याचं दुसरं टोक पोटाच्या त्वचेवर उघडायचं. त्या लालसर तोंडावर पिशवी चिकटते. दुसरा पर्याय आतड्याचंच नवं मूत्राशय शिवण्याचा. त्यात बाहेर काही दिसत नाही, पण आतड्याला ‘भरलं’ म्हणून सांगणाऱ्या नसा नसतात. रुग्णाला घड्याळ लावून रात्री उठावं लागतं आणि पोटाला ताण देऊन लघवी करायला शिकावं लागतं.

हे ऑपरेशन जीव वाचवतं. पण हा आजार सत्तरीच्या आसपासच्यांचा. त्यांतले बरेचजण आयुष्यभर विडी-सिगारेट ओढलेले, हृदय आणि फुप्फुसं थकलेली. त्यांना एवढं मोठं ऑपरेशन झेपेलच असं नसतं.

तिहेरी उपाय

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम शिप्ली यांनी १९८० च्या दशकात तीन अर्धवट उपाय एकत्र बांधायला सुरुवात केली. जर्मनीत एर्लांगेनमध्येही तेव्हा हेच चाललं होतं. नुसत्या खरवडण्याने, नुसत्या किरणांनी किंवा नुसत्या केमोने स्नायूतला कॅन्सर क्वचितच पुरता जातो. तिन्ही लागोपाठ आणि मापात दिले तर?

पहिली पायरी दुर्बिणीची. लघवीच्या वाटेने आत गेलेल्या नळीच्या टोकाला तारेचं अर्धगोल वेटोळं असतं, त्यात वीज खेळते. सर्जन पडद्यावर पाहत गाठीच्या पातळ सालपटी काढतो. गाठ समुद्री झुडपासारखी पाण्यात डोलत असते. खाली स्नायूचे आडवेउभे पांढुरके धागे दिसेपर्यंत तो खोल जातो. सालपटींत स्नायूचा अंश असलाच पाहिजे. नसेल तर कॅन्सर किती खोल गेला ते पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

मग किरणोपचार, रुग्णांच्या बोलीत ‘शेक’ किंवा ‘लाईट’. आठवड्यातले पाच दिवस, चार ते साडेसहा आठवडे. सोबत थोडी केमो. इथे ती कॅन्सरच्या पेशींना किरणांपुढे हळव्या करायला दिलेली असते. ब्रिटनमध्ये निकोलस जेम्स यांच्या नेतृत्वाखाली ३६० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१२ मध्ये आला. नुसते किरण घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोक दोन वर्षांनी ओटीपोटातल्या कॅन्सरपासून मुक्त होते. किरणांना दोन स्वस्त, जुन्या केमो औषधांची जोड दिल्यावर हा आकडा ६७ वर गेला. ही औषधं मुद्दाम निवडली होती, कारण या वयाच्या रुग्णांची मूत्रपिंडं सिस्प्लॅटिन हे नेहमीचं जहाल औषध पेलतीलच असं नाही.

किरणोपचारात एक अडचण मूत्राशयाच्या स्वभावाचीच आहे: ते एका जागी, एका आकारात राहत नाही. सोमवारी लिंबाएवढं, मंगळवारी मोसंबीएवढं. सगळ्या शक्यता धरून मोठं क्षेत्र आखलं तर शेजारचं आतडं भाजतं. लहान आखलं तर गाठ क्षेत्राबाहेर राहते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी यावर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४४ रुग्णांपैकी प्रत्येकासाठी त्यांनी मूत्राशयाच्या वेगवेगळ्या आकारमानांचे अनेक आराखडे आधीच तयार ठेवले. रोज रुग्ण टेबलावर झोपला की आधी स्कॅन घ्यायचा, आज पिशवी किती भरली आहे ते पाहायचं आणि त्या मापाचा आराखडा निवडूनच किरण सोडायचे. शिंप्याने दहा मापांचे सदरे शिवून ठेवावेत आणि गिऱ्हाईक आलं की अंगाला लावून एक द्यावा, तसं.

आणि तिसरी पायरी, पुन्हा दुर्बीण. गाठ गेली असेल तर पिशवी राहते आणि पाळत सुरू होते. गेली नसेल तर ऑपरेशन करावंच लागतं. मूत्राशय वाचवण्याच्या योजनेत ते काढण्याची तयारी पहिल्या दिवसापासून धरलेली असते.

कुणाची वाचेल?

ऑपरेशन आणि तिहेरी उपाय यांची सरळ तुलना करायचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. चिठ्ठी टाकून रुग्ण दोन गटांत वाटायचे होते. अवघे ४५ जण मिळाले आणि चाचणी बंद पडली. पोटावर पिशवी लावायची की नाही हे चिठ्ठीवर सोडायला कोण तयार होणार? त्यामुळे जुन्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. उत्तर अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी २०२३ मध्ये ७२२ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. सगळे असे की ज्यांना दोन्ही मार्ग खुले होते. पाच वर्षांनी कॅन्सर दूर कुठे पसरला नव्हता असे लोक ऑपरेशनच्या गटात ७४ टक्के, तिहेरी उपायाच्या गटात ७५ टक्के. मूत्राशय वाचवलेल्यांपैकी १३ टक्क्यांचं ते पुढे काढावं लागलं.

ही बरोबरी निवडक रुग्णांतली आहे. गाठ एकच, फार मोठी नाही, अस्तरभर पसरलेला कॅन्सर नाही. बोस्टनच्या १९८६ पासूनच्या ४७५ रुग्णांत पाच वर्षांत २९ टक्क्यांना अखेर ऑपरेशन लागलं. कोणाला लागणार हे आधी कळलं असतं, तर त्यांचे शेक, केमो आणि मधले महिने वाचले असते. बायोमार्करचा शोध इथे सुरू होतो.

बायोमार्करच्या दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत भल्याभल्यांकडून होते. एक जात पावसाच्या अंदाजासारखी: यंदा साल वाईट जाईल एवढं सांगते. ऐकून शेतकरी काळजीत पडतो, पण काय पेरावं हे त्याला कळत नाही. दुसरी जात माती परीक्षणासारखी: या जमिनीत हे खत चालेल, ते वाया जाईल. गाठ वाईट आहे एवढं सांगणाऱ्या खुणा ढिगाने सापडल्या आहेत. किरण की सुरी, हे सांगणारी खूण हवी आहे.

हम्फ्रींच्या पी-५३ वर मोठी भिस्त होती. स्नायूत घुसलेल्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्यांत हे जनुक बिघडलेलं असतं. मूत्राशय काढल्यावर ज्यांच्या गाठीत पी-५३ बिघडल्याची खूण दिसते त्यांना केमो द्यावी की नुसतं लक्ष ठेवावं, यासाठी ११४ रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी झाली. २०११ मध्ये निकाल लागला: केमोचा फायदा दिसला नाही आणि या खुणेवरून कॅन्सर परतण्याचं भाकीतही नीट करता आलं नाही. अंदाज आणि माती परीक्षण, दोन्ही परीक्षांत ती नापास झाली.

काचपट्टीवरचा तपकिरी रंग

इंग्लंडमधल्या लीड्स इथे अ‍ॅन किल्टी यांच्या गटाने किरणांवरच लक्ष केंद्रित केलं. किरण डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तोडतात. ही मोडतोड ओळखून दुरुस्तीची हाक देणाऱ्या प्रथिनांत एमआरई-११ हे एक. गाठीचा कागदाहून पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, एमआरई-११ ला चिकटणारी अँटीबॉडी त्यावर सोडायची आणि ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवायचा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे डोळे विस्फारणारे होते. शेक घेतलेल्यांत ज्यांच्या गाठी फिक्या होत्या त्यांच्यापैकी सुमारे ४३ टक्के तीन वर्षांनी या कॅन्सरपासून वाचलेले होते. गडद गाठींच्या लोकांत हा आकडा सुमारे ७० टक्के. ऑपरेशन झालेल्यांत मात्र गडद रंगाचा असा फायदा दिसत नव्हता. हवी होती ती दुसऱ्या जातीची खूण हाती आली होती: गाठ गडद तर शेक, फिकी तर सुरी. डेन्मार्कमधल्या नमुन्यांनीही दुजोरा दिला.

मग ही तपासणी रोजच्या वापरात आणायची म्हणून ती अधिक रुग्णालयांच्या नमुन्यांवर पडताळली गेली आणि २०१९ मध्ये फुगा फुटला. नव्याने आणलेली अँटीबॉडी जुनीसारखी रंगत नव्हती. तीच काचपट्टी दोन तज्ज्ञांनी पाहिली तर गुण वेगळे पडत. एकाच तज्ज्ञाने ती काही दिवसांनी पुन्हा पाहिली तरी गुण बदलत. मुळातला जीवशास्त्रीय धागा खोटा ठरला असं नाही, पण ‘थोडा तपकिरी’ आणि ‘बराच तपकिरी’ यांमधल्या रेषेवर कुणाच्या पिशवीचा निकाल लावता येत नव्हता. १९६७ मध्ये हम्फ्रींच्या पेशींवरून तज्ज्ञांत पडलेलं अंतर इथे पुन्हा दिसलं.

जनुकातली अक्षरं वाचायची तर रंगाची भानगड उरत नाही. सिस्प्लॅटिन डीएनएच्या धाग्यांत गाठी मारतं. पेशीत अशा गाठी कापून जागा रफू करणारी यंत्रणा असते आणि ईआरसीसी-२ हे जनुक तिच्यासाठी लागणारं एक प्रथिन बनवतं. २०१४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ५० रुग्णांच्या गाठी वाचल्या. केमोनंतर ऑपरेशन केलं तेव्हा २५ जणांच्या मूत्राशयात घुसलेला कॅन्सर शिल्लक नव्हता, २५ जणांत होता. पहिल्या गटातल्या नऊ जणांचं ईआरसीसी-२ बिघडलेलं; दुसऱ्या गटात एकाचंही नाही. रफूगार आजारी म्हणून फाटलेलं फाटलेलंच राहत होतं. वैद्यकात इतकी स्वच्छ विभागणी क्वचित दिसते. मात्र हा बिघाड सरसकट सापडत नाही. दहा रुग्णांत एखाद्याकडे.

फिलाडेल्फियातल्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरने पुढचं पाऊल टाकलं. ईआरसीसी-२ आणि तशाच आणखी तीन जनुकांपैकी एखादं बिघडलेलं असेल आणि केमोनंतर दुर्बिणीत काहीच दिसत नसेल, तर ना ऑपरेशन, ना शेक, फक्त पाळत. सुमारे सत्तर रुग्ण या चाचणीत आले. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी ७२ टक्क्यांत कॅन्सर दूर पसरलेला नव्हता. आकडा वाईट नाही, पण संशोधकांनी स्वतःच आखलेल्या सुरक्षिततेच्या रेषेला तो पुरेसा नव्हता. पाळतीवर ठेवलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत कॅन्सर कोणत्या ना कोणत्या रूपात परतला. गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा ढीग नसतो. जनुक वाचायला एका कोपऱ्यातली सालपट जाते. दुसऱ्या कोपऱ्यात रफूगार धडधाकट असू शकतो.

रक्तातले तुकडे

अलीकडची आशा रक्ताच्या नळीत आहे. मरणाऱ्या कॅन्सरपेशी आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे लार्स डिर्स्क्योट यांच्या गटाने ६८ रुग्णांच्या गाठी आधी वाचल्या आणि प्रत्येकाच्या गाठीची खास अक्षरं पुढे त्याच्या रक्तात शोधली. कॅन्सर परतला तेव्हा स्कॅनच्या सरासरी तीन महिने आधी रक्ताने वर्दी दिली होती. मूत्राशय काढल्यावर ज्यांच्या रक्तात असे तुकडे सापडतात, त्यांनाच प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध दिलं तर ते जास्त जगतात, हेही २०२५ मध्ये चिठ्ठी टाकून केलेल्या चाचणीतून दिसलं. माती परीक्षणाच्या कसोटीला उतरलेली ही खूण.

पण ती ऑपरेशन झालेल्यांची कहाणी. पिशवी जागेवर असलेल्याच्या रक्तात तुकडे नाहीत म्हणजे पिशवी स्वच्छ आहे असं धरता येत नाही. अस्तरातली छोटी नवी गाठ रक्तात फारसं काही सांडतच नाही. तिचे तुकडे आधी लघवीत उतरतात. म्हणून संशोधक आता पुन्हा लघवीच्या बाटलीकडे वळले आहेत.

तोवर ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत पिशवीचा निर्णय ज्यांवर होतो ते प्रश्न साधे आहेत. गाठ एक की अनेक? मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगलं आहे का? दुर्बिणीतून दिसणारी सगळी गाठ खरवडून निघाली का? शेक संपल्यावर मूत्राशय लघवी धरू शकेल का? आणि रुग्ण वर्षानुवर्षं तपासणीला येत राहील का? जनुकांचा अहवाल फाइलीत असला तर तोही वाचला जातो, या प्रश्नांच्या नंतर.

शेक संपून साधारण तीन महिने झाले की रुग्ण पुन्हा त्याच टेबलावर येतो. पाण्याने भरलेलं मूत्राशय पडद्यावर दिसतं. जिथे गाठ डोलत होती तिथे फिकट, सपाट वण असतो आणि त्याच्या कडेने किरणांमुळे उमटलेल्या बारीक लाल रक्तवाहिन्या. सर्जन त्या वणाचा चिमूटभर तुकडा घेतो, लघवीची बाटली तपासणीला पाठवतो आणि कार्डावर आणखी तीन महिन्यांनंतरची तारीख लिहितो.